कुत्र्याची मनधरणी

सासुरवाडीच्या कोरड्या विहिरीत पडलेलं कुत्रं शालिग्रामनं स्वतः उतरून वर काढलं. आता ते जानेफळला घरी न्यायचं, असा त्याचा हट्ट. बायको कोकिळा केव्हाची जीपमध्ये बसली होती, तिचा धाकटा भाऊ इंद्रभान चाक धरून तयार होता. पण कुत्रं काही चढायला राजी नव्हतं.

शालिग्रामनं भाकर दाखवली, गूळ दाखवला, सीटवर आपला कोरा दुपट्टा अंथरला. शेवटी सगळ्या सासुरवाडीदेखत त्यानं कुत्र्यापुढे हात जोडले. "चाल ना बाप्पा, काऊन असा अडून राह्यला?"

कुत्र्यानं तोंड फिरवलं.

"किती वाजले, इंद्रभान?" शालिग्रामनं घाम पुसत विचारलं.

"बारा," इंद्रभान मनगटाकडे पाहून म्हणाला.

"तुम्ही बसा आधी," कोकिळा नवऱ्याला म्हणाली. तो बसताच तिनं भावाला सांगितलं, "चालव रे गाडी."

"अवं, ते मांगं राहीन ना!" शालिग्राम ओरडला. पण जीप निघालीच. कुत्र्यानं क्षणभर धुरळ्याकडे पाहिलं, मग जीपमागं अशी धाव घेतली की ते थेट उडी मारून दुपट्ट्यावरच येऊन बसलं.

शालिग्राम थक्क झाला. "ही युक्ती तुले कोणं शिकवली वं?"

इंद्रभान तोंड दाबून हसू लागला. कोकिळेनं पदर सावरला.

 

"घड्याळ पाह्यजे म्हणून लग्नात तुम्ही रुसले होते, याच जीपमंदी चढत नव्हते, तवा बाबानं हेच तं केलं होतं!"