मागच्या रांगेतला व्हायोलिनवाला

श्रीरंगने टेप थांबवली, मागे घेतली आणि पुन्हा पाहिली. स्टेजवर पुरस्कार मिळालेली गायिका गात होती. तिच्यामागे ड्रमवाल्याशेजारी रुंद काठाची टोपी घातलेला एक वयस्क माणूस व्हायोलिन घेऊन उभा होता. त्याने टोपी जराशी वर सारली, व्हायोलिन कपाळाला लावलं आणि मग हनुवटीखाली धरलं. त्या सबंध सोहळ्यात वाद्याला नमस्कार करणारा तो एकटाच होता. पुढच्या क्षणी कॅमेरा त्याच्याजवळ गेला. उजवी भुवई मधोमध तुटलेली, तिथे जुन्या जखमेचा व्रण. श्रीरंग खुर्ची मागे ढकलून उभाच राहिला. ते त्याचे वडील होते. त्यांना त्याने स्वतःच्या हाताने अग्नी दिला होता.

तो म्युनिकलगतच्या एका छोट्या एडिटिंग स्टुडिओत नोकरीला होता. त्या हिवाळ्यात अमेरिकेतले टीव्हीचे लेखक संपावर गेले आणि मालिकांचे नवे भाग यायचे थांबले. चॅनेलला रिकाम्या वेळा भरायच्या होत्या. कुणीतरी तिथल्या कंट्री म्युझिकच्या जुन्या पुरस्कार सोहळ्यांच्या टेप आणल्या आणि त्यांतली निवडक गाणी जोडून कार्यक्रम तयार करायचं काम श्रीरंगकडे आलं. ही टेप २००२ची होती. वडिलांचे दिवस घातले त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती.

वडील, पद्माकर, सांगलीत व्हायोलिन शिकवायचे. श्रीरंग दहा वर्षांचा असताना ते एका प्रवासी जहाजावरच्या बँडमध्ये वाजवायला गेले. जहाज अमेरिकेत एका बंदराला लागलं, ते शहर बघायला म्हणून उतरले आणि परत चढलेच नाहीत. कंपनीने शोध घेतला, पोलिसांनी घेतला. काही कळलं नाही. पुढे श्यामकांतकाका आईच्या मागे लागले, की बारा वर्षं झाली, आता रीतसर दिवस घालायला हवेत. सरलाबाई ऐकायच्या नाहीत. कुंकू पुसणार नाही म्हणायच्या. आणि मग एके दिवशी सकाळी त्या बाहेरून आल्या, पायरीवर बसल्या आणि काकांना बोलावून घे, दिवस घालून टाकू, एवढंच म्हणाल्या. बिचारीने आशा सोडली, असं सगळ्यांना वाटलं. कृष्णेच्या काठी पळसाच्या पानांचा पुतळा केला. बावीस वर्षांच्या श्रीरंगने तो पेटवला.

आता सरलाबाई दिवाळीपासून म्युनिकजवळ गार्चिंगला त्याच्याकडेच राहायला आल्या होत्या. श्रीरंगने आधी बायकोला सांगितलं. चारुलता तिथल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन करत होती आणि कुठल्याही गोष्टीवर विचार केल्याशिवाय बोलायची नाही. तिने ती क्लिप दोनदा पाहिली. मग ती म्हणाली, की आईंना हे दाखवू नकोस. इतकी वर्षं त्या विधवा म्हणून जगल्या, लग्नकार्यात मागे उभ्या राहिल्या. आता त्यांना काय सांगणार, की ते सगळं उगीचच होतं?

श्रीरंगला पटत होतं. पण त्याचं जेवणावरून मन उडालं. जिवंत माणसाला आपण जाळलं, हे त्याच्या डोक्यातून जाईना. स्टुडिओत तो तीच क्लिप काढून बसायचा. शेवटी शनिवारी दुपारी त्याने डीव्हीडी लावली आणि आईला सोफ्यावर बोलावून घेतलं. चारुलता दारात उभी राहिली. सहा वर्षांची उर्जा आजीच्या मांडीला टेकून बसली.

गाणं सुरू झालं. टोपीवाल्याने व्हायोलिन कपाळाला लावलं. श्रीरंग पडद्याकडे न बघता आईकडे बघत होता. तिचा चेहरा हलला नाही. फक्त उर्जाच्या केसांतून फिरणारा हात थांबला.

"वेर इस्ट डास, आजी?" उर्जाने टोपीवाल्याकडे बोट दाखवून विचारलं.

"तुझे आजोबा," सरलाबाई म्हणाल्या.

श्रीरंगने जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं वाया गेली होती.

"अहो आई, तुम्हाला ठाऊक होतं?" चारुलताने विचारलं.

सरलाबाईंनी मान डोलावली. मग शांतपणे, भाजी कशी केली ते सांगावं तसं, सांगितलं. घरी तेव्हा फोन नव्हता. समोरच्या वासंतीकडे एकदा त्यांचा फोन आला होता. तिकडे लग्न केलंय म्हणाले, मुलगी आहे म्हणाले. आवाज अगदी पूर्वीसारखाच होता. माझी वाट बघू नकोस म्हणाले आणि श्रीरंग कितवीत आहे ते विचारलं. तो इंजिनिअर झालाय, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

श्रीरंग तिच्या पायाशी जमिनीवर बसला. सगळे विधी उरकल्यावर, कपाळ मोकळं केल्यावर या बाईला तो आवाज ऐकावा लागला आणि तिने ते कुणालाही कळू दिलं नाही, या विचाराने त्याला भरून आलं. त्याने तिचा हात हातात घेतला.

"तो फोन थोडा आधी आला असता ना आई," तो म्हणाला, "तर मी तो पुतळा पेटवला नसता."

सरलाबाईंनी पडद्यावरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"आधीच आला होता," त्या म्हणाल्या. "म्हणून तर दिवस घातले."