चारची मिटिंग

"बघा, माझ्याकडं कसा शहाण्यागत चालतोय," कुणाल म्हणाला. "सकाळी दहापासून चालू हाय. एकदाबी बंद पडला न्हाई."

संयोगिताला त्या लॅपटॉपच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. वडूजहून साताऱ्याला ही तिसरी खेप. घरी अर्धा तास टिकत नव्हता आणि इथं कुणालच्या दुकानात गुणी बाळ होऊन बसला होता. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"बंद पडतो म्हंजे नेमकं काय होतं, परत सांगा वहिनी."

"काम करता करता स्क्रीन काळी होते. बटण दाबलं की परत सुरू, पण तोवर मी मिटिंगमधून बाहेर. जुनी डिस्क होती तेव्हा रखडायचा, पण असा बंद कधी पडला नाही. तुम्ही ही नवी डिस्क, एसएसडी टाकलीत आणि तेव्हापासून हे सुरू झालं."

कुणालनं मान खाजवली. तीन आठवड्यांत त्यानं एसएसडी बदलून पाहिली होती, विंडोज नव्यानं टाकलं होतं, पंखा साफ केला होता. दोष काही सापडत नव्हता.

दोष न सापडणं संयोगिताला परवडणारं नव्हतं. पुण्याच्या कंपनीतल्या उदयसिंह सरांनी काल स्वच्छच सांगितलं होतं. आज शुक्रवारी चारच्या मिटिंगमध्ये क्लायंटसमोरून पुन्हा गायब झालात, तर घरून काम बंद. सोमवारपासून पुण्याला ऑफिसात हजर व्हायचं. नवरा सैन्यात, लडाखला. म्हणजे चार वर्षांच्या मनूला सासूजवळ सोडून जायचं. मनू अजून आईचा पदर मुठीत धरून झोपायची. सकाळपासून संयोगिताच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

तिला एका जागी बसवेना. काउंटरवर कुणालची चुंबकाची पट्टी होती, सुटे स्क्रू चिकटवून ठेवायची. ती उचलून संयोगिता उगीच फिरवत बसली.

"ती आणा हिकडं," कुणालनं पट्टी काढून घेऊन मागच्या फळीवर ठेवली. "लॅपटॉपच्या झाकणात चुंबक असतंय. ते खाली आलं की ह्याला वाटतं झाकण मिटलं, झोपा आता. दुसरं कुठलं चुंबक जवळ नेलं तरी फसतंय येडं. आधीच डोक्याला ताप, त्यात आणि भर नको."

त्यानं लॅपटॉप बंद करून पालथा घातला. "शेवटचं उघडून बघतो. जरा टॉर्च धरा."

तिनं उजव्या हातात मोबाइल धरला आणि डावा हात काउंटरवर टेकून वाकली. कुणालनं एसएसडीचा तिळाएवढा स्क्रू काढून कागदावर ठेवला, एसएसडी बाहेर काढून फुंकली, पुन्हा बसवली.

"वहिनी, घरी आणि कोण हात लावतं का ह्याला?"

संयोगितानं टॉर्च खाली केला. घरी हात लावणारं एकच माणूस होतं. सासूबाई, राहीबाई. तिच्या आत्या. 'दिवसभर त्या डबड्याला मिठी मारून बसती,' असं शेजारणीला सांगताना तिनं त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. एसएसडी टाकायला आली तेव्हा त्याही डोळे दाखवायला बरोबर आल्या होत्या. स्टँडवर त्यांनी मनूला फुगा घेतला, स्वतःला अडकित्ता घेतला आणि टाइप करून सुनेचं मनगट धरतं म्हणून तिला दुखणं ओढून घेणारं, टोकांना काळे मणी बसवलेलं तांब्याचं कडं घेतलं. घरी आल्यावर लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं. तेव्हा तिला त्याचं कौतुक वाटलं होतं. आता वाटेना. तिनं टॉर्च विझवून फोन लावला.

"आत्या, खरं सांगा. माझ्या मागं लॅपटॉपला हात लावता का?"

"धूळ बसती गं. वल्या फडक्यानं पुसती कवा कवा. का?"

"ओल्या? अहो, त्यानंच बिघडतोय तो! का मी पुण्याला जावं असंच आहे तुमच्या मनात? मनू तुमची होईल आणि मी नजरेआड."

तिचा आवाज चढला होता. कुणाल खाली मान घालून कागद हलवून बघत राहिला.

"आसं का बोलतीस?" राहीबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "आता न्हाई हात लावायची. मनूची शप्पत." मग त्या म्हणाल्या, "हात दुखतोय का गं आजून?"

संयोगितानं फोन ठेवला.

"स्क्रू कुठं गेला?" कुणाल म्हणाला. कागदाखाली नाही, काउंटरवर नाही. दोघांनी वाकून फरशी पाहिली. "जाऊ दे, दुसरा लावतो."

चारला पाच मिनिटं असताना लॅपटॉप सुरू झाला. कुणालनं तिला आपली खुर्ची दिली, दुकानाचं दार लोटलं, पंखाही बंद केला. उजवा हात माऊसवर आणि डावा मांडीवर घट्ट मिटून ती मिटिंगमध्ये बोलू लागली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. उदयसिंह सर मान डोलावत होते. कुणालनं लांबूनच अंगठा दाखवला.

बरंच की! म्हणजे आत्याच होत्या तर. त्यांचं ओलं फडकं इथं नव्हतं आणि लॅपटॉप ठणठणीत होता. लॅपटॉप आता कपाटात कुलूप लावून ठेवायचा, असं तिनं बोलता बोलताच ठरवून टाकलं.

"छान," क्लायंट म्हणाले. "आता प्रोग्राममधली ही दुरुस्ती आमच्यासमोरच लिहून दाखवा."

"हो सर, लगेच." तिनं हसून दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले.

स्क्रीन काळी झाली.

तिनं बटण दाबलं नाही. आता दाबून उपयोग नव्हता. तिनं दोन्ही हातांवर तोंड ठेवलं आणि ती हमसून रडायला लागली. गालाला काहीतरी टोचलं. तिनं मान वर करून पाहिलं. डाव्या हातातल्या, आत्यांनी घेतलेल्या कड्याच्या टोकाच्या काळ्या मण्याला तो तिळाएवढा स्क्रू घट्ट चिकटून बसला होता.