बिडाची चूल

संस्थेच्या हेमांगीताईंनी चिमीच्या चुलीपुढं बसून आत बॅटरीचा झोत मारला, बोटानं तळ चाचपला आणि मान हलवली.

"ही गेली. तळ तडकलाय. नवी द्यावी लागणार."

चिमी अशी हसली, जशी काही तिची पोरगी पहिल्या नंबरानं पास झाली.

दारात उभ्या असलेल्या मंगळीच्या मात्र पोटात दुखलं. दोघी सख्ख्या जावा, बेटेगावच्या पाड्यावर एकाच अंगणात दोघींची घरं. मातीच्या ओट्यात बसवायची ओतीव लोखंडाची, बिडाची चूल संस्थेनं दोघींना एकाच दिवशी दिली होती, छपरातून धूर बाहेर काढणाऱ्या नळीसकट. मंगळीनं आपली चूल लेकरासारखी जपली. नळी झाडली, राख काढली, ओट्याला चीर दिसली की लगेच माती लिंपली. चिमीनं ओली लाकडं कोंबली, भात उतू जाऊ दिला आणि रोज तांब्याभर पाणी ओतून विस्तव विझवला. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ते तडकतं, हे ताईंनी दहादा सांगितलं होतं. आता तडकवणारीला नवी. आणि जपणारीला? जुनीच! हा कुठला न्याय?

"नवीला दोन तोंडं हायत म्हनं," चिमी म्हणाली. "एकावर भात, एकावर कालवन. तुला काय मिलनार नाय मंगळीबाय, तुझी तं अजून ठणठणीत हाय."

मंगळीला ते शिवीसारखं लागलं. उद्यापासून ही बया दोन तोंडांच्या चुलीपुढं बसून मिरवणार, आणि आपण अंगणापलीकडून बघत राहायचं.

ताई हाताची काजळी धुवायला बाहेर आल्या, तशी मंगळी झपाझप अंगण ओलांडून आपल्या घरात शिरली. भात नुकताच उतरवला होता. चुलीत निखारे होते, बीड चांगलं तापलेलं होतं. तिनं हंड्यातून तांब्या भरला. हात जरासा अडला. मग तिला चिमीचं हसू आठवलं आणि तांब्या रिकामा झाला.

टण्ण असा आवाज आला. वाफ घरभर झाली, आणि तळातून पाणी झिरपून ओट्यावरची लिंपलेली माती काळी झाली. आता जिवाला बरं वाटेल असं मंगळीला वाटलं. वाटलंही, पण ताई आत येईपर्यंतच.

ताईंनी वाफ बघितली, बॅटरी लावून तळाची फट बघितली आणि मंगळीकडं वळल्या.

"मंगळीताई, तुम्हीसुद्धा पाणी ओतूनच विझवता? अहो, मी पाड्यात सगळ्यांना तुमच्या चुलीचं उदाहरण देत होते."

मंगळीनं तांब्या पदराआड धरला. रोज नाय, आजच ओतलं, असं म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. आजच का? नवी चूल आता मिळणारच होती, पण पाड्यात चुलीचं नाव निघालं की तिचं नाव निघायचं, ते गेलं होतं.

मागं चिमी येऊन उभी होतीच.

"अगं बाय! तू पन माझ्यासारखीच की! आन माझा घरवाला, देवू, रोज माझं डोकं खातो, मंगळीबायकडून शीक म्हनून." तिनं मोठ्या मायेनं मंगळीच्या खांद्यावर हात टाकला. मंगळीच्या खांद्याची आग झाली, पण हात झटकणार कुठल्या तोंडानं?

नव्या चुली येईपर्यंत तडकलेल्या चुलींत जाळ घालू नका, असं बजावून ताई निघून गेल्या.

संध्याकाळी अंगणात तीन दगड मांडायची पाळी आली. दोन जाळ कशाला, एकच पेटवू, असं चिमी म्हणाली आणि मंगळीला नाही म्हणता आलं नाही. तवा मंगळीचा, नाचणीचं पीठही मंगळीच्याच मडक्यातलं. दोघी समोरासमोर बसून आळीपाळीनं भाकरी थापू लागल्या.

मंगळीनं आपली भाकरी तव्यावरून काढून जाळाला लावली. ती हू की चू न करता पडून राहिली आणि एका कडेला करपली. मग चिमीनं तिची लावली. ती टम्म फुगली.

मंगळी त्या भाकरीकडं बघतच राहिली.

"तुझी कशी गं नाय फुगली?" चिमीनं विचारलं, अगदी भाबडेपणानं.

"तुझ्या बाजूचा दगड उंच हाय," मंगळी म्हणाली, आणि चुलीतलं सगळ्यात मोठं जळतं लाकूड तिनं आपल्याकडं ओढून घेतलं.