बारा व्होल्टची तार

"मीटर काय सांगता?" कृष्णनाथांनी खालून विचारलं.

स्टुलावर चढलेल्या परेशने स्वयंपाकघरातल्या दिव्याला लावलेला मीटर पुन्हा पाहिला. बरोबर बारा व्होल्ट. दिवा लख्ख पेटला होता.

"बघतंय, काका."

तुयेच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर कृष्णनाथांनी चोपडे गावातल्या आपल्या घरातली सगळी दिवाबत्ती स्वतःच्या हाताने बारा व्होल्टवर आणली. छपरावर सोलर, खाली बॅटरी. पूर्वी एका बल्बाला लागायची तेवढ्या विजेत आता अख्खं घर उजळतं, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकवत. परेशला हे काम त्यांनीच शिकवलेलं. आणि गेले दोन महिने त्यांची एकच तक्रार, उजेड कमी पडतो.

शेवंतीकाकींनी परेशला खुणेनेच मागच्या पडवीत बोलावलं.

"दिव्याक काय एक झाला नाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "साखरेन ह्येंचे डोळे जातत. उपाय नाय म्हणून डाक्तरान माका एकटीक सांगल्यान. ह्येंका कळला तर हाय खातले. तू तार बारीक आसा म्हणून सांग."

ज्याने हातात पक्कड दिली त्याच्याशीच खोटं बोलायचं, या विचाराने परेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काकींचं तोंड बघवत नव्हतं.

तो आत आला. "काका, तार बारीक पडता. बारा व्होल्टाक जाड तार व्हयी, नायतर वीज वाटेतच मरता."



"माझीच चूक," कृष्णनाथ म्हणाले. "बदल."

तासाभरात नवी तार बसली. दिवा होता तेवढाच लख्ख पेटला.

"आता कसो बरो उजेड पडलो," कृष्णनाथ म्हणाले. काकी कितीतरी दिवसांनी हसल्या आणि भांडी घेऊन मागे गेल्या.

परेशला सोडायला कृष्णनाथ भिंतीला हात लावत फाटकापर्यंत आले.

"जुनी तार मी हिशोब करून घातलेली. ती कमी पडूची नाय," ते म्हणाले.

परेशने मान खाली घातली.

"पुढच्या खेपेक बॅटरी गेली म्हणून सांग. परत तार म्हटलंस, तर माका सगळा कळला असो काकीक संशय येतलो."