कार्डावरचे चार थेंब

"लखोटा आलाय हो ताई, पण तो मला फोडता येत नाही," जुन्या दवाखान्यातले कंपाउंडरकाका फोनवर म्हणाले. "डॉक्टर महिनाभर सुट्टीवर आहेत. त्यांनी बघितल्याशिवाय इथे कुणाचाच रिपोर्ट उघडत नाहीत. आला तसा फाइलला टाचून ठेवलाय."

"मग तसाच बंद पाठवा ना, काका. आम्ही आता तिथे राहत नाही."

"नव्या डॉक्टरांचं पत्र लागेल. शिक्क्यासकट."

फोन ठेवून ती शेजारच्या खोक्यावरच बसली. नव्या घरात येऊन पंधरा दिवस झाले होते. भिंतीला लागून खोकी तशीच उभी होती, तिच्याच अक्षरातली. भांडी. जाड कपडे. भिंगरीची औषधं. त्यातलं शेवटचं तेवढं पहिल्याच दिवशी उघडलं होतं.

भिंगरी म्हणजे तिची साडेतीन वर्षांची लेक. हल्ली दिवसभर पाणी मागायची. बापाने बाटली तोंडाला लावायचा अवकाश, ही त्याच्या मांडीवर चढून "मला पण, मला पण" करायची. वजनाचा काटा दोन महिने हलत नव्हता. तिने वहीत तक्ताच केला होता: किती पेले पाणी, किती वेळा शू. जुन्या डॉक्टरांनी तो चाळला आणि साखर बघून घेऊ म्हणाले. दवाखान्यात भिंगरी हात धरू देईना, म्हणून त्यांनी घरीच रक्त घ्यायचं कार्ड दिलं. बोटाला टोचायचं, चार गोलांत चार थेंब भरायचे, वाळवून पाकिटात घालायचं आणि प्रयोगशाळेला पाठवून द्यायचं.

लेकीला सुई टोचणं तिला जमणार नव्हतं, म्हणून ते काम नवऱ्याकडे गेलं. सामान बांधायचा दिवस होता. ती स्वयंपाकघरात कप कागदात गुंडाळत होती आणि बापलेक आतल्या खोलीत, दार लोटून. तिचे कान तिकडेच होते, पण आतून हूं की चूं नाही. दहा मिनिटांनी दोघं बाहेर आले ते बोटाला पट्ट्या लावूनच.

"तुला कशाला पट्टी?" तिने विचारलं होतं.

"मी लावल्याशिवाय बाईसाहेब लावून घेईनात."

तिला हसू आलं होतं. त्या अख्ख्या दिवसातलं तेवढंच.

"तू त्या लखोट्याचा नाद सोड," नवरा आता म्हणाला. तो कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडत होता. खोकी उचलून उचलून वाळलो, असं त्याचं म्हणणं. "इथे नव्याने तपासू. पाच मिनिटांचं काम."

"झालेली तपासणी असताना पुन्हा टोचायचं तिला?"

"अगं, तिला काही झालेलं नाहीये. मी सांगतो ना."

"तुला स्वप्न पडलं?"

बाटली उचलून तो घटाघटा पाणी प्यायला. "नव्याने केलेलं बरं असतं, एवढंच. आणि या वेळी तू धर तिला. मला नाही जमत."

"गेल्या वेळी तर कसं छान जमलं."

त्याने पुन्हा खिळा उचलला.

नव्या डॉक्टरबाईंनी पत्र दिलं. ते पोचलं, पण शिक्का पुसट म्हणून काकांनी परत धाडलं. दुसरं पत्र गेलं. ती रोज सकाळी फोन करायची. चौथ्या दिवसापासून काका तिचा आवाज ओळखून "नाही हो ताई" एवढंच म्हणायला लागले. वहीतला तक्ता तीन पानं पुढे सरकला. तिने घरातली बिस्किटं बंद केली. उरलेली संपवायची कामगिरी नवऱ्याने आनंदाने अंगावर घेतली. भिंगरी झोपली की ती तिच्या अंगावरून हात फिरवून बरगड्या मोजायची. काल होत्या तेवढ्याच आज लागतात का, ते बघायची.

लखोटा आला तेव्हा त्या तपासणीला दीड महिना होऊन गेला होता.

डॉक्टरबाईंनी जीभ दाबायच्या पट्टीनेच तो फोडला. कागद एकदा वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"तीन महिन्यांची सरासरी साखर आहे ही," त्या म्हणाल्या. "साडेपाच टक्क्यांच्या आसपास हवी. इथे साडेअकरा आहे."

इतके दिवस ज्या आकड्याची वाट पाहिली, तो आता ऐकलाच नसता तर बरं, असं तिला वाटलं. भिंगरी खाली बसून वजनकाट्यावर चढ-उतार करत होती.

"परत करा," नवरा म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. तिचंच रक्त घेऊन."

"तेच करणार आहे. यंत्र इथेच आहे."

या वेळी तिनेच लेकीला मांडीवर घट्ट धरलं. सुई लागली मात्र, भिंगरीने असा टाहो फोडला की बाहेर बाकावर बसलेली दोन पोरंही रडायला लागली. पाच मिनिटं यंत्र घुर्रघुर्र करत राहिलं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"पाच पूर्णांक एक," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ठणठणीत आहे पोरगी. पाणी पिते म्हणता, ते सवयीने पीत असेल. कुणाचं तरी बघून."

तिला रडू फुटलं, आणि लगोलग रागही आला. "मग तो कागद? दीड महिन्यात उतरली म्हणायची?"

"दीड महिन्यात एवढी उतरत नाही. हे दुसऱ्याच कुणाचं तरी रक्त आहे."

"म्हणजे प्रयोगशाळेने अदलाबदल केली. नाहीतर काकांनी. मी सोडणार नाही त्यांना."

"भांडण नंतर करा," डॉक्टरबाईंनी कागदावर बोट ठेवलं. "हे ज्याचं कुणाचं आहे, त्याला आधी शोधायला हवं. एवढी साखर अंगात घेऊन तो हिंडतोय, आणि त्याला पत्ताही नसेल. त्याचे उपचार आजच सुरू व्हायला हवेत. ते कार्ड कुणाकुणाच्या हातातून गेलं?"

नवऱ्याने रिकामी झालेली पाण्याची बाटली टेबलावर ठेवली.

"त्या दिवशी भिंगरीने बोट पुढे केलंच नाही," तो म्हणाला. "मी माझंच टोचलं."