हातमोज्यांचं खोकं

बुरशीला पेशीची भिंत बांधू न देणारी औषधं मी प्रयोगशाळेत तपासते. लेकीच्या मानेवर नायटा उठला तेव्हा मात्र तपासलं काहीच नाही. थेट तिला सांभाळणाऱ्या मावशींसमोर हातमोज्यांचं खोकं ठेवलं. "उद्यापासून मोजे घालूनच तिला घ्या." "बाई, बुरशीच्या घरी तुम्ही जाता, मी नाही!" मावशी हसल्या. मला झोंबलं. आठवडाभर त्या रबरी बोटांनी घास भरवत राहिल्या आणि लेक तोंड फिरवत राहिली. आज कामावर हात धुताना घड्याळ काढलं. पट्टा काचतोय समजून महिनाभर खाजवत होते, तिथे लेकीच्या मानेवरच्यासारखाच गोल चट्टा होता. याच मनगटावर तिची मान टेकवून पाजते. घरी येऊन मावशींपुढे हात धरला. "खोक्यात एक जोडी उरलीय. देऊ?" म्हणाल्या, आणि मोजे काढून उघड्या बोटांनी लेकीचं मलम मला लावू लागल्या.