बेलिफांचा नंबर

"चहा? ऑपरेशनच्या पेशंटला चहा?" श्रीपतराव बाकावरून ताडकन उठले.

महाडच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात ते सकाळपासून उपाशी बसले होते. दर पंधरा मिनिटांनी एका डोळ्यात थेंब, वर तो डोळा उघडायची बंदी. आणि शेजारी हिरवा झगा घातलेली, पाचाडवरच्या वाडीतली ठकूबाई खुशाल बशीतून चहा ओढत होती. तिच्या डोळ्यात थेंब घालायलाही कुणी फिरकलं नव्हतं. घोंगडीवाला नवरा हैबती तिला चिकटून बसलेला.

"आजी घाबरल्यात हो," रंजिता सिस्टर म्हणाल्या. "घेऊ द्या दोन घोट."

श्रीपतरावांचं डोकंच फिरलं. तीस वर्षं कोर्टाचे बेलिफ म्हणून गावोगाव नोटिसा बजावलेला माणूस तो. मोतीबिंदू काढायला ते इथं दोनदा आले आणि दोनदा परत गेले. एकदा नंबर मागे-पुढे झाला म्हणून, एकदा गळ्यातला ताईत काढायला सांगितला म्हणून. बायकोला, चंद्राबाईंना, आत सोडत नाहीत हा राग वेगळाच. घाबरून गेले? छे! निषेध म्हणून गेले. डॉक्टरांनी मात्र परवा तोंडावर सांगितलं होतं, "पार पिकलाय. आता पळालात, तर डोळा गेलाच समजा." त्यातला 'पळालात' त्यांना अजून झोंबत होता.

"गळ्यातली पोत काढू काय गो बाय?" ठकूबाईनं विचारलं.

"राहू द्या आजी, वरून पट्टी चिकटवू. आजोबा हात धरून बसतील. आणि डॉक्टर काय करतायत ते बोलून सांगतील, म्हणजे दचकायला नको."

"भ्यायचं नाय गो. मी हाय ना," हैबती म्हणाला.

आता मात्र हद्द झाली.

"हिची पोत चालते आणि माझा ताईत चालत नाही? हिचा नवरा आत आणि माझी बायको उंबऱ्याबाहेर? हा कुठला न्याय?"

"तुम्ही धीराचे, साहेब. तुम्हाला कशाला लागतंय हे सगळं?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "आजींना आधी घेते. तुम्ही थांबा."

"थांबा? नंबर माझा पहिला! आणि जे जे हिला, ते ते मला. ताईत राहणार, चंद्रा आत येणार, डॉक्टरांनी बोलून सांगायचं. आत्ताच्या आत्ता!"

आणि ते तरातरा आत गेलेसुद्धा. चंद्राबाई पदर खोचून मागे धावल्या.

टेबलावरही त्यांचं तोंड थांबलं नाही. डॉक्टर एकेक गोष्ट सांगत होते, चंद्राबाईंनी हात घट्ट धरला होता, आणि श्रीपतराव तक्रार अर्जाचा मजकूर तोंडी सांगत होते. दुसऱ्या परिच्छेदाला डॉक्टर म्हणाले, "झालं."

बाहेरच्या खाटेवर, डोळ्याला पट्टी बांधून, ते समाधानानं पडले. माणसानं हक्कासाठी भांडावं, तेव्हाच जग सुधारतं. त्यांनी हक्कानं चहाही मागवला.

पडद्यापलीकडून ठकूबाईचा आवाज आला.

"ह्यो झगा घे गो बाय तुझा. माझा डोळा तर तुमी शिमग्यातच केलात. असा भित्रा पुना कुनी आला तर सांगावा धाड, पन चहात साखर जरा बरी घाल."